पहिल्यांदा रस्सा झाला, दुसऱ्यांदा लझान्या

लझान्याचं, म्हणजे पास्त्याच्या चपट्या पट्ट्यांचे थर लावून भाजायच्या इटालियन पदार्थाचं, खूळ पोरीने घरात आणलं. सहावीत आहे ती, मैत्रिणीच्या वाढदिवसाला इथे नागपुरात सदरच्या कुठल्याशा हॉटेलात जाऊन आली आणि आल्यापासून चार दिवस एकच पालुपद, आई त्यात ना थर असतात, मधे चीज असतं, वर पण चीज असतं, तू का नाही करत. मी शाळेत गणित शिकवते, दिवसभर पोट्ट्यांशी बोलून बोलून डोकं गेलेलं असतं, म्हणून आधी लक्ष दिलं नाही. पण घरात २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेवरचा ओव्हन, गेल्या दिवाळीपासून पडून होता, त्यात आजवर दोन केक आणि शेंगदाणे भाजणे यापलीकडे काही झालं नव्हतं, आणि अहोंचं त्यावरून अधूनमधून टोमणे मारणं सुरूच. म्हटलं चला, डिसेंबर आहे, भाज्या स्वस्त आहेत, करून टाकू.

पहिली गंमत तर शीट आणायलाच झाली. गोकुळपेठेत आमचा नेहमीचा किराणावाला आहे, त्याला विचारलं लझान्या शीट आहे का हो, तर तो म्हणे, "लसणाचं काय पाहिजे मॅडम, पेस्ट का चटणी?" मी परत सांगितलं, त्याने परत तेच ऐकलं, मागच्या बाईने पण लसणाचा भाव विचारून घेतला. शेवटी धरमपेठेतल्या एका दुकानात अगदी वरच्या फळीवर धूळ खात डबा सापडला. पाचशे ग्रॅमचा डबा, वीसेक पट्ट्या असतील, साडेतीनशेच्या आसपास पैसे. घरी आणल्यावर सासूबाईंनी एक पट्टी हातात घेऊन वाजवून पाहिली. "साडेतीनशे? अवं, गव्हाच्या पिठाचे?" आता पीठ गव्हाचंच पण गहू वेगळा हे मी त्यांना समजावलं, ड्युरम म्हणतात त्याला, टणक असतो, पिवळसर असतो, शिजवला तरी लगदा होत नाही. तर त्या म्हणे मग बन्सी म्हण ना सरळ. आणि बरोबरच आहे ते, आपला बन्सी गहू त्याच जातीतला, रवा आणि शेवयांसाठी म्हणून तोच घेतात. तेव्हापासून आमच्या घरी या प्रकाराचं नाव लसण्या पडलं ते पडलंच, पोरगी किती चिडली तरी.

तर रविवार ठरला. नणंदबाई, त्यांचे मिस्टर आणि दोन पोट्टे जेवायला येणार होते आणि मी, अतिशहाणी, पहिल्यांदाच करायचा पदार्थ पाहुण्यांसाठी करायला घेतला. दोन-तीन व्हिडिओ पाहिले होते. सगळ्यांत बायका हसत हसत भाजी चिरतात, थर लावतात आणि पुढच्या शॉटमध्ये एकदम वडीसारखा तुकडा प्लेटमध्ये उभा. मधलं काय ते कोणी सांगत नाही.

मी काय केलं तर वांगं, शिमला मिरची, गाजर बारीक चिरून थोडं परतलं, मशरूमचं एक पाकीट आणि पालक तर कच्चाच, म्हटलं ओव्हनमध्ये शिजेलच. टोमॅटोची तयार प्युरी आणली होती ती घट्ट वाटली म्हणून त्यात वरून वाटीभर पाणी. व्हाइट सॉस करताना मैदा लोण्यात टाकला आणि गरम दूध एकदम ओतलं, गुठळ्या झाल्या, त्या फोडायच्या नादात अजून दूध, मग अजून, शेवटी चाळणीतून गाळला तेव्हा ताकासारखा झालेला. आणि शीट डब्यावर न उकडता चालतात असं लिहिलेलं असूनही मी उकडल्या, कारण आपल्या डोक्यात कच्च्या पट्ट्या तशाच ठेवायच्या हे पटतच नाही. उकडल्या आणि एकावर एक काढून ठेवल्या तर चार पट्ट्या अशा चिकटल्या की सोडवताना त्यांच्या चिंध्या झाल्या. तरी लावले थर, वर मोझरेलाचं दोनशे ग्रॅमचं अख्खं पाकीट किसून टाकलं आणि ओटीजीत सरकवलं, वरचा रॉड खालचा रॉड दोन्ही चालू.

पंधरा मिनिटांत वरून चॉकलेटी. वास तर असा की नणंदेची पोरं किचनमधून हलेनात. मी खूष होऊन बाहेर काढलं, सुरी घातली, चमच्याने पहिला तुकडा उचलला आणि त्या खड्ड्यात चारही बाजूंनी पाणी येऊन जमा झालं. हळूहळू नाही हो, भसकन. खाली सगळा लालसर पांढरा रस्सा, त्यात पट्ट्या पोहून राहिल्या आणि मधला भाग चक्क कोमट. अहोंनी वाटीच आणली सरळ. "सावजी मसाला टाकला असता तर जमून गेलं असतं, तर्रीच तेवढी कमी आहे," म्हणे. नणंदबाई बिचाऱ्या चांगलं लागतं गं, चांगलं लागतं म्हणत होत्या आणि त्यांचे मिस्टर वरचं चीज तेवढं खाऊन भाताची वाट पाहत होते. सासूबाईंनी न बोलता कुकर लावला. ते न बोलणंच जास्त लागलं मला.

रात्री भांडी आवरताना डोक्यात तेच. रागापेक्षा गणित जास्त होतं. पाणी आलं कुठून? टोमॅटो म्हणजे ९४-९५ टक्के पाणी. वांगं, पालक, मशरूम, सगळे नव्वदीच्या पुढे. सव्वा किलो भाज्या धरल्या तरी लिटरभरापेक्षा जास्त पाणी मी स्वतःच्या हाताने त्या टिनात कोंडलं होतं, वरून प्युरीतलं वाटीभर, सॉसमधलं जास्तीचं दूध आणि उकडलेल्या पट्ट्यांनी आधीच पाणी पिऊन घेतलेलं, म्हणजे त्या अजून काही शोषणार पण नाहीत. कढईत भाजी करताना हे कळत नाही कारण झाकण काढलं की वाफ जाते. थरांमध्ये अडकलेलं पाणी जाणार कुठे? सातवीच्या पोरांना हौद आणि नळाची गणितं शिकवते मी वर्षानुवर्षं, आणि स्वतःच्या हौदाला एकच नळ, तो पण आत येणारा.

दोन आठवडे गेले. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी परत घेतलं करायला, यावेळी पाहुणे नाहीत, कुणाला आधी सांगितलं पण नाही. सकाळी कॉटन मार्केटला गेले, तिकडे जाणं होत नाही एरवी पण टोमॅटो आणि पालक एवढे घ्यायचे होते की म्हटलं जाऊच. झुकिनी गोकुळपेठेत दिसते कधीकधी पण भाव ऐकून सोडून दिली, त्याऐवजी कोहळं घेतलं. पुण्याकडचे लोक लाल भोपळा म्हणतात ते, आमच्याकडे त्याचे बोंडं करतात. आणि खरं सांगू, झुकिनीपेक्षा कोहळंच चांगलं या कामाला, भाजलं की गोड होतं आणि आकार सोडत नाही.

मग प्रत्येक भाजीचं पाणी वेगळं वेगळं काढलं. हेच मुख्य काम आहे, थर लावणं वगैरे पोरखेळ आहे याच्यापुढे. वांग्याचे बोटभर जाडीचे काप करून मीठ लावून अर्धा तास चाळणीत ठेवले, खाली वाटीत तपकिरी पाणी जमलं ते फेकलं, काप पिळून तेल चोपडून ओटीजीत. कोहळं आणि शिमला मिरची पण तशीच, २०० डिग्रीला पंचवीस मिनिटं, कडा काळपट होईपर्यंत. मशरूम कोरड्या कढईत तेल न टाकता मोठ्या आचेवर. आधी गप्प बसतात, मग एकदम पाणी सोडतात, मग ते पाणी आटतं आणि चुरचुर आवाज यायला लागतो, तिथे बंद करायचं. वजनकाट्यावर ठेवून पाहिलं, दोनशे ग्रॅमचे शंभरच्या पण खाली आले होते. पालकाच्या दोन मोठ्या जुड्या गरम पाण्यातून काढून पिळल्या तर हातात मावेल एवढा गोळा आणि वाटीभर हिरवं पाणी. ते सासूबाईंनी टाकू दिलं नाही, संध्याकाळच्या कणकेत गेलं.

टोमॅटो एक किलो. सासूबाई त्याला अजून भेदरेच म्हणतात, "एवढ्या भेदऱ्याचं काय सार करतं का?" लसूण तेलात हलका परतून, टोमॅटो उकळून साल काढून चिरून, मीठ, गुळाचा छोटा खडा कारण आपले टोमॅटो आंबट फार, आणि मंद आचेवर पाऊण तास. किलोचे चारशे ग्रॅम झाले. चमच्याने तळाशी रेघ ओढली की ती भरून यायला वेळ लागला पाहिजे, म्हणजे झालं. ओरेगॅनो म्हणाल तर पिझ्झासोबत आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये जमवलेल्या असतातच प्रत्येकाकडे, त्याच. बेसिलचा मात्र किस्सा आहे. ऑक्टोबरमध्ये पोरीने फालुद्याच्या सब्जाची पुडी अशीच एका कुंडीत रिकामी केली होती आणि त्याची रोपं आली, पानं चोळून वास घेतला तर पिझ्झाचाच. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी की! इतकी वर्षं उन्हाळ्यात सरबतात टाकून पितो आपण आणि पान आणायला मॉलमध्ये जातो. थंडीने रोपं जरा खुरटली होती पण दहा-बारा पानं मिळाली. बाजूच्या कुंडीतली तुळस का नाही टाकली असं पोरगी विचारत होती, तिला आजीनेच परस्पर उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही.

टोमॅटो आटेपर्यंत पोरगी मोबाइलवर वाचून दाखवत होती. लझान्या इटलीतल्या बोलोन्या शहराचा फेमस, तिथे पट्ट्यांच्या पिठातच पालक घालतात म्हणून त्या हिरव्या असतात, आणि मधे मटणाच्या खिम्यासारखं काहीतरी. हे ऐकून अहो पेपर सोडून आत आले, "म्हणजे ओरिजिनलमध्ये नॉनव्हेज असतं? आणि मला कोहळं?" पुढचं मला जास्त आवडलं. चौदाव्या शतकातल्या तिकडच्या पाककृतीत लझान्या आहे, उकडलेल्या पट्ट्या, किसलेलं चीज, मसाला, असे थर. टोमॅटो नाही त्यात, कारण टोमॅटो तेव्हा अमेरिकेतच होता, युरोपात कोणी पाहिलेला नव्हता. सासूबाईंना सांगितलं तर म्हणे मग त्यांचं बी आपल्यासारखंच, भेदरं मागून आलं. मिरची आणि आलू पण मागूनच आले म्हटल्यावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला नाही. मिरचीशिवाय वऱ्हाड कसं असेल, हे त्यांचं म्हणणं, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता व्हाइट सॉस. पन्नास ग्रॅम लोणी, पन्नास ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, एकास एकास दहा, लक्षात ठेवायला सोपं. मैदा लोण्यात दोन मिनिटं मंद आचेवर परतायचा, रंग बदलू द्यायचा नाही पण कच्चा वास गेला पाहिजे. आणि दूध गार घ्यायचं, अर्धी वाटी टाकून पूर्ण घोटायचं, गोळा झाला की परत अर्धी वाटी. पहिल्यांदा हेच चुकलं होतं, एकदम गरम दूध ओतलं की मैद्याच्या गोळ्यांना बाहेरून साल धरते आणि आत कोरडं पीठ राहून जातं. खरं म्हणजे आपण चून (पिठलं) करतो ना पातेल्यात, हात न थांबवता, अगदी तसंच घोटायचं, मला उगाच हे काहीतरी परदेशी वाटत होतं म्हणून हात चालत नव्हता. शेवटी मीठ, मिरपूड आणि जायफळ. जायफळ किसलं आणि हॉलमधून आवाज, "पुरण शिजवून राह्यली का वं?" सासूबाई उठून आत आल्या, पातेल्यात डोकावल्या, पांढरं चून पाहून परत गेल्या.

चीजबद्दल थोडं. पार्मेझान म्हणून जे किसून टाकतात ते खरं इटालियन असेल तर त्यात वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, असतं, म्हणजे शाकाहारी नाही ते, घरात सांगितलं असतं तर टिनसकट बाहेर गेलं असतं. मी मोझरेला आणि साधे चीज क्यूब असं मिसळून घेतलं, खारटपणा क्यूबचा, ताणणं मोझरेलाचं. रिकोटा म्हणजे मऊ ताजं चीज, त्याच्या जागी लिटरभर दूध लिंबाने फाडून घरीच छेना केला, तो पण तासभर टांगून ठेवला (पाणी!), आणि पिळलेल्या पालकात मिसळला.

थर लावताना यावेळी पट्ट्या कोरड्याच. माझा टिन आठ इंची चौकोनी केकचा, दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की एका बाजूला फट उरते, तिथे तोडून तुकडे. तोडताना सरळ रेषेत तुटेल तर शपथ. तळाला सॉसचा पातळ हात, पट्टी, टोमॅटो आणि भाजलेल्या भाज्या, पांढरं, थोडं चीज, पट्टी, पालक-छेना, पांढरं, असे करत चार थर, सगळ्यात वर पांढरं आणि चीज. वरून फॉइल, पण चीजला चिकटणार नाही अशी तंबूसारखी. १८० डिग्री, खालच्या खणात. पंचवीस मिनिटं फॉइल ठेवून, मग काढून पंधरा मिनिटं, असा प्लॅन.

विसाव्या मिनिटाला लाइट गेली.

मी खुर्चीत बसूनच राहिले. अहो म्हणे उघडून बघ, मी म्हटलं हात लावायचा नाही कुणी दाराला. आत गरम आहे तोवर गरम आहे, उघडलं की गेलं. पोरगी टॉर्च घेऊन काचेतून बघत होती, बुडबुडे येत आहेत, बुडबुडे येत आहेत, आता कमी झाले, आता एकच आला, अशी कॉमेंट्री. बावीस मिनिटांनी आली लाइट. गेलेला वेळ धरायचा की नाही हे मला कळेना, शेवटी अंदाजाने फॉइलसकट अजून पंधरा आणि फॉइल काढून बारा मिनिटं ठेवलं.

बाहेर काढल्यावर मात्र सगळ्यात अवघड भाग, वीस मिनिटं कापायचं नाही. व्हाइट सॉस आणि चीज गरम असताना वाहतात, जरा निवले की धरून ठेवतात, वड्या थापल्यावर लगेच कापत नाही आपण, तसंच. पोरगी टिनासमोर खुर्ची घेऊन बसली, अहो तीनदा येऊन गेले. मी मुद्दाम गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे काढून आणले म्हणजे मलाच मोह नको.

कापलं. तुकडा उभा राहिला. खड्ड्यात थेंबभर पाणी नाही, थर दिसत होते, हिरवा, केशरी, पांढरा. मी फोटो काढायच्या आत पोरीने कोपरा मोडला. आता खरं सांगायचं तर परफेक्ट नव्हतं, पाण्याची एवढी धास्ती घेतली होती की कडेच्या पट्ट्यांना पुरेसं ओलं मिळालंच नाही, त्या वर वळून पापडासारख्या झाल्या होत्या. कोरड्या पट्ट्या शिजायला त्यांना सॉसमधलं पाणी लागतं आणि जिथे सॉस पोहोचला नाही तिथे त्या तशाच राहतात. पुढच्या वेळी कडेपर्यंत पांढरं पसरवायचं आणि टोमॅटो किलोचा चारशे नाही, पाचशेपर्यंतच आटवायचा, असं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. पोरीला मात्र तेच कडक कोपरे आवडले, चारही तिने खाल्ले. अहोंनी दोन तुकडे घेतले आणि वर ठेचा घेतला, मी काही बोलले नाही, कोहळ्यासोबत ठेचा वाईट लागत नाही. सासूबाईंनी बोटभर तुकडा घेतला, हळूहळू खाल्ला आणि म्हणाल्या, "बरं आहे. पण दुपारभर लाइट, गॅस, दूध, लोणी, अन् झालं काय तर वरणफळं."

मी हसण्यावारी नेलं. पण सोमवारी शाळेतून आले तर किचनमध्ये डब्यात उरलेल्या सात पट्ट्या गायब. कुकरमधलं तुरीचं वरण मोठ्या पातेल्यात, हिंग-लसणाची फोडणी, लाल तिखट, आणि त्यात पट्ट्यांचे हाताने मोडलेले तुकडे उकळत होते. "हे फळं शिजतच नाही वं, कवाची उकळून राह्यली," त्या म्हणाल्या. अजून पंधरा मिनिटं लागली. वरून साजूक तूप आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) घातला, आणि रात्री पातेलं खरवडायला नणंदेची दोन्ही पोट्टे पण होती, त्यांना फोन आजीनेच केला होता.